स्वीकृत

बोलताना अर्धंच वाक्य टाकायचं आणि डावा हात कानामागे नेऊन थांबायचं, ही त्यांची सवय. उरलेलं वाक्य समोरच्यानं पुरं करायचं. माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन ते म्हणायचे, "आज वयनी चहा..." आणि हात कानामागे. मी म्हणायचे, "पाजत नाई." मग ते खूश होऊन आत येत आणि चहा पिऊनच जात. नकार असला तरी त्यांचं काही बिघडत नसे, फक्त उत्तर आलं पाहिजे. "मांगून आवाज आला पाह्यजे वयनी. नुसतं पुढून बोंबलून का फायदा?"

तुमच्याही वॉर्डात असा एक माणूस असेल. मिरवणुकीत जीपच्या पुढे तो उलटा चालतो, पाठ रस्त्याकडे आणि तोंड गर्दीकडे. गळ्याच्या शिरा ताणून पहिली ओळ फेकतो आणि गर्दी दुसरी ओळ म्हणते. पुढाऱ्याच्या गळ्यात हार पडतात, याच्या घशाला कोरड पडते. त्याचं नाव तुम्ही कधी विचारलेलं नसतं. आमच्या या माणसाला सगळी गल्ली स्वीकृत म्हणायची. तोंडावर स्वीकृतभाऊ, माघारी नुसतं स्वीकृत. असं का, ते सांगते.

आमचं दुकान लाउडस्पीकर आणि मंडपाचं. नवरा गेला तेव्हा नातेवाइकांना वाटलं, बाई आता दुकान फुंकून टाकेल. मी फुंकलं नाही. रहीमचाचा नवऱ्याच्या वेळेपासून मशीनवर बसायचे, ते राहिले, म्हणून मीही राहिले. भोंगा भाड्यानं देणाऱ्याला सगळे पक्ष सारखे. खोटं सगळेच बोलतात आणि आवाज सगळ्यांनाच मोठा हवा असतो. त्यामुळे अमरावतीतल्या बहुतेक मिरवणुका मी ट्रकवर बसून पाहिलेल्या आहेत, आणि तिथेच हे गृहस्थ मला भेटत. मी सगळ्यांची, ते मात्र एकाच माणसाचे. तात्यासाहेबांचे.

तात्यासाहेब म्हणजे आमच्या महापालिकेचे जवळजवळ मालक. महापौर कोणीही असो, खुर्ची तात्यांनी पुसल्याशिवाय त्यावर कोणी बसत नसे. नळाला पाणी आलं तर तात्यांमुळे आणि नाही आलं तर तेही तात्यांमुळेच. अशा माणसाला गळा लागतो, आणि तो यांच्याकडे होता. पोटापाण्यासाठी ते धान्य बाजारात एका अडत्याकडे हर्रास, म्हणजे लिलाव, पुकारायचे. तुरीच्या ढिगावर उभे राहून भाव पुकारला की पलीकडच्या शेडमधले बैल मान वर करत. तो गळा तात्यांनी एका प्रचारात ऐकला आणि उचलला.

निवडून न येता नगरसेवक होण्याची एक वाट असते. पक्षाचे जितके लोक निवडून येतात, त्या मानानं पक्षाला एखाददुसरा माणूस सभागृहात नेमता येतो. त्याला स्वीकृत म्हणतात. कायद्यात ही सोय जाणत्या माणसांसाठी आहे. व्यवहारात ती ज्याला तिकीट द्यायचं नाही, त्याची समजूत घालायला वापरतात. अशाच एका विजयाच्या दिवशी, आनंदाच्या भरात, तात्यांनी यांच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हटलं, "तुले आपन पुढच्या बारीले स्वीकृतमधी घेऊ." तात्या ते वाक्य संध्याकाळपर्यंत विसरले असतील. यांनी ते आयुष्यभर सांभाळलं.

पुढे कोणीतरी त्यांच्या डोक्यात भरवलं की स्वीकृत व्हायचं तर एखाद्या समाजसेवी संस्थेचं पद लागतं. लगेच आमच्या गल्लीत बहुउद्देशीय संस्था निघाली. आमच्याकडे माणूस जरा रिकामा बसला की बहुउद्देशीय संस्था काढतो, त्यात नवल काही नाही. अध्यक्ष ते स्वतः, सचिव त्यांची बायको सुमनताई आणि उपाध्यक्ष मी. अर्ज लिहिणाऱ्या वकिलानं विचारलं, "उद्देश कोणते लिहू?"

हे म्हणाले, "बहु."

"अहो, पण कोणते?"

"ते मंग पाहू. आधी बहु लिवा."

संस्थेचा उद्देश एकच होता आणि तो गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होता. तरी एक रक्तदान शिबिर झालं. रक्त द्यायला मी, रहीमचाचा आणि खुद्द अध्यक्ष एवढेच आलो. अध्यक्षांना डॉक्टरनं परत पाठवलं, वजन भरत नव्हतं. एवढ्याशा कुडीतून तेवढा आवाज कुठून यायचा, देव जाणे.

घोषणेच्या बाबतीत मात्र त्यांचा तोरा पाहण्यासारखा असे. एकदा तात्यांनी त्यांना अकोल्याला कोणाच्या तरी सभेसाठी उसने दिले. परत आले ते तणतणत. "अकोल्याचे लोक का कामाचे नाई वयनी. घोषना देल्ली का आधी ईचार करते. ईचार करून माणूस कदी झिंदाबाद म्हनते का?" रहीमचाचांची सासुरवाड अकोल्याची. ते मशीन पुसत म्हणाले, "सोचते हैं, इसीलिए तो तुम्हारे तात्या उधर नहीं चलते." यावर दोन दिवस दोघांचं बोलणं बंद होतं.

घोषणेत विचार नसतो, हे त्यांचं पक्कं मत होतं. पुढचा बोलला की मागच्याच्या तोंडून आपोआप निघालं पाहिजे, जांभईला जांभई येते तसं. त्यांनी आमच्या शहराला तशी सवयच लावून ठेवली होती. त्यांनी "तात्यासाहेब, तुम आगे बढो" म्हटलं की पानठेल्यावर उभा असलेला, राजकारणाशी काडीचा संबंध नसलेला माणूसही चुना मळता मळता पुटपुटायचा, "हम तुम्हारे साथ हैं."

आता स्वीकृत या नावाची गोष्ट. महापालिकेची मागच्या खेपेची निवडणूक तात्यांनी जिंकली होती आणि स्वीकृतची नावं ठरायची होती. तात्यांच्या कार्यालयात बसून असणाऱ्या टवाळांनी यांना फोन केला. एक जण आवाज बदलून म्हणाला, "नगरसचिव कार्यालयातून बोलतो. तुमचं नाव स्वीकृतमध्ये आलेलं आहे. उद्या महापालिकेत हजर व्हा." सुमनताईंनी आमसभेसाठी म्हणून एक बदामी जाकीट केव्हाचं शिवून ठेवलं होतं. ते निघालं. गल्लीभर पेढे वाटले गेले. माझ्या देवापुढेही एक ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या आवारात आमचाच साउंड होता, त्यामुळे पुढचं सगळं मी पाहिलं. हे जाकीट घालून पायऱ्या चढले. वर ती पोरं रांगेनं उभी होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि गळ्यात हार घातला. हार मुळ्याच्या पाल्याचा होता. तरी यांना कळायला वेळ लागला, ते मान वाकवून नीट हार घालून घेत होते. मग हशा फुटला. वरच्या गॅलरीत तात्यासाहेब उभे होते आणि पोट धरून हसत होते. त्यांना आधीच माहीत होतं. "अबे मजाक होती रे," ते वरून म्हणाले. "पुढच्या बारीले पक्कं."

हे काय करतील असं तुम्हाला वाटतं? मला वाटलं, आता तो पाला काढून फेकतील आणि घरी जातील. त्यांनी पाला काढला, सगळ्यांबरोबर हसले, आणि तिथेच पायरीवर उभे राहून तात्यांच्या नावाची घोषणा दिली. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेल्या त्याच पोरांनी तिला उत्तर दिलं. मला त्यांचा इतका राग आला की चार दिवस मी त्यांना चहा पाजला नाही. सुमनताई मात्र पंचाइतीत पडल्या. वाटलेले पेढे परत मागता येत नाहीत. "तारीख पुढं गेली," असं त्या घरोघर सांगत फिरल्या. तेव्हापासून गल्लीनं यांना स्वीकृत हे नाव ठेवलं.

मग महापालिकेची मुदत संपली आणि निवडणूकच होईना. वर्षामागून वर्षं गेली, कारभार साहेब लोकांच्या हाती. सगळेच नगरसेवक माजी झाले. तात्या चिडचिडे झाले, त्यांच्या दारापुढची चपलांची रास कमी झाली. यांना मात्र या काळाचं काही वाईट वाटत नव्हतं. "सध्या कोनीच नाई वयनी. म्हनजे मी अन् तात्यासाहेब आता सारखेच." हे ते अगदी मनापासून म्हणत.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, "भाऊजी, तिथं जाऊन कराचं का हाये तुमाले? मत तं देता येनार नाई."

या वेळी त्यांचा कानामागे हात गेला नाही. मग म्हणाले, "तठी हजेरी होते. एक माणूस उभा राह्यते अन् एकेकाचं नाव घेते. जनमभर मी पुकारलं, लोकायनं उत्तर देल्लं. एकडाव माहं नाव कोनी पुकारलं पाह्यजे, पुऱ्या नावानं, बापाच्या नावासकट. अन् मी म्हनीन, हजर." मग चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "बस. मंग घरी पाठवलं तरी चालते."

एवढंच हवं होतं त्यांना. हे मी एवढ्यासाठी सांगते की पुढे लोक म्हणाले, स्वीकृतला सत्तेची हाव सुटली होती.

अखेर निवडणूक लागली तेव्हा तात्यांची अर्धी माणसं पलीकडे गेलेली होती. पलीकडे म्हणजे बंटीभाऊंकडे. बंटीभाऊ तात्यांच्या मुलाच्या वयाचे, दाढी कोरलेली, मागे मोबाइल घेऊन चित्रण करणारे दोघे कायम. मुळ्याच्या पाल्याचा हार करणारी पोरंही तिकडेच गेली. हे कुठे गेले नाहीत. महिनाभर उन्हात उलटे चालले. पुढून पाहणाऱ्याला मागची गर्दी विरळ होत चाललेली दिसते, म्हणजे सगळ्यांत आधी ती त्यांनाच दिसली असणार.

मतमोजणीच्या दिवशी ते गुलालाची पिशवी घेऊन कठड्याला धरून उभे होते. दुपारपर्यंत कळलं, महापालिका गेली. नुसती गेली नाही, तात्या स्वतः आपल्याच वॉर्डात पडले. तात्या मागच्या दारानं गाडीत बसून निघून गेले. यांच्या हातातली पिशवी बंटीभाऊंच्या एका पोरानं ओढून घेतली. "काका, तुमच्या तं कामाची नाई आता." आणि यांच्याच गुलालानं ती पोरं नाहली.

दोन-तीन दिवसांनी ते तात्यांकडे गेले. तात्यांचे इतके थोडे लोक निवडून आले होते की पक्षाला स्वीकृतची एकही जागा मिळणार नव्हती. हे त्यांनाही कळत होतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही. तात्या वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "माहीच जागा गेली बे. तुही कोनती देऊ?"

त्याच आठवड्यात बंटीभाऊंचा निरोप आला. विजयाची मोठी मिरवणूक काढायची आहे, पोरांना घोषणा देता येत नाहीत, काकांनी यावं. स्वीकृतचं पाहू.

मी जरा कडकच बोलले. "भाऊजी, कालपर्यंत त्याच्याच नावानं खडे फोडत होते न तुमी?"

"मी कुठी गेलो वयनी? पालिका तिकडं गेली. मी पालिकेसंगं हावो." मग आवाज खाली आणून म्हणाले, "जाकिटाले कसर लागून राह्यली. सुमन दरसाली उन्हात टाकते."

अडचण नावाची होती. दुकानात बसून ते नव्या नावाची तालीम करत. "बंटीभाऊ, तुम आगे बढो. बंटीभाऊ, तुम आगे..." आणि मान हलवत. "हे का नाव हाये का? तोंडात आलं का निंगून जाते. तात्यासाहेब म्हनाले कसा छातीतून दम लागते." रहीमचाचा म्हणाले, "धीरे बोलो, ध्यान से बोलो." त्यावर हे म्हणाले, "ध्यानात ठेवून देल्ली त ते घोषना कायची?" आम्ही दोघंही हसलो. तेव्हा हसू येण्यासारखंच होतं.

मिरवणुकीच्या दिवशी राजकमल चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. उघड्या जीपवर बंटीभाऊ, मागे आमचा साउंडचा ट्रक, जीपच्या पुढे हे. सुरुवातीला सगळं नीट चाललं. "बंटीभाऊ" म्हणताना ते दर वेळी किंचित अडखळत, पण ते फक्त मला आणि चाचांना कळत होतं. गर्दीचं उत्तरही बेताचंच येत होतं. ते त्यांना सहन होईना. चौकात जीप थांबली, फटाके संपले, ड्रोन वर गेला, बंटीभाऊंनी हात जोडले. यांनी छाती भरून घेतली, डोळे मिटले, आणि ज्या आवाजासाठी त्यांना बोलावलं होतं तो आवाज काढला.

"तात्यासाहेब, तुम आगे बढो."

आणि सगळा राजकमल चौक एका दमात म्हणाला, "हम तुम्हारे साथ हैं."

मी ट्रकवरून पाहत होते म्हणून सांगते, एकही तोंड बंद नव्हतं. निम्मी गर्दी तात्यांकडूनच आलेली, तिच्या तोंडून ते आपोआप निघालं. बाकीच्यांच्या तोंडून सवयीनं निघालं. त्या दिवसातलं सगळ्यांत जोरदार उत्तर ते. खुद्द बंटीभाऊ हसून हात हलवत होते. यांनी डोळे उघडले, त्यांचा चेहरा फुललेला होता. आपण काय बोललो ते त्यांना कळलंच नव्हतं. उत्तर चांगलं आलं म्हणून त्यांनी तीच घोषणा पुन्हा दिली.

दुसऱ्यांदा उत्तर अर्ध्यावर तुटलं. लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग पाल्याचा हार घालणाऱ्यांपैकीच एक जण पुढे झाला. "काहून बे बुड्ढ्या, कोनाचं खाऊन कोनाचं गाऊन राहिला?" आताच तो स्वतः साथ आहे म्हणून ओरडला होता. त्यानं यांची मान धरली, दुसऱ्यानं जबडा दाबला, आणि तिसऱ्यानं मुठी भरभरून त्यांच्या तोंडात गुलाल कोंबला. लोक हसत होते. मोबाइल वर झाले. बंटीभाऊंनी दुसरीकडे तोंड केलं आणि जीप पुढे घ्यायला सांगितली. गुलाल थुंकत, श्वास कोंडलेला असताना, हे "बंटीभाऊ, बंटीभाऊ" म्हणायचा प्रयत्न करत होते.

चाचांनी गाण्याचा आवाज चढवला आणि ट्रकवरून उडी टाकली. त्या वयात ते कसे उतरले कोण जाणे. "छोड़ो. बुजुर्ग आदमी है, ग़लती से निकल गया."

"ग़लती से?" एक जण म्हणाला.

"तुम्हारे मुँह से भी तो निकला," चाचा म्हणाले. त्यावर त्यांनाही दोन गुद्दे बसले. पण ते यांना घेऊन बाहेर आले.

गुलाल कसला होता देव जाणे, घसा आतून सोलून निघाला. डॉक्टरनं त्यांचं बोलणं बंद केलं. सूज उतरली तरी आवाज परत आला नाही, नुसती खरखर उरली. अडत्यानं त्यांना हर्रासावरून काढून काट्यापाशी बसवलं. तिकडे चौकातलं ते चित्रण सगळ्या शहराच्या मोबाइलवर फिरत होतं. त्यात चेहरा फक्त यांचा दिसतो. उत्तर देणारे ऐकू येतात, दिसत नाहीत. गल्लीतली माणसं त्यांच्या समोर ते लावत आणि विचारत, "काहो स्वीकृतभाऊ, पुन्यांदा देता का एकडाव?" ज्यांच्या घरच्या लग्नात त्यांनी फुकट पंगती वाढल्या होत्या, ती ही माणसं. मी काहींना दुकानातून हाकललं. सगळ्या शहराला कुठे हाकलणार?

आणि मग स्वीकृतची नावं जाहीर झाली. त्याआधी तात्यासाहेबांनी बंटीभाऊंच्या पक्षात प्रवेश केला होता. शहराच्या विकासासाठी, असं फ्लेक्सवर छापलं होतं. दोघांनी एकमेकांना पेढा भरवला होता. आणि जी जागा यांना दाखवून बोलावलं होतं, त्या जागेवर पक्षानं तात्यांना स्वीकृत करून घेतलं. पडलेला माणूस पुन्हा सभागृहात.

मी पेपर घेऊन त्यांच्या घरी गेले. वाटलं, बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. सुमनताईंनी वाचून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग खरखरत म्हणाले, "मंग मी का चुकीचं बोललो होतो वयनी?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

एवढं होऊनही माणसाची आशा कशी असते पाहा. त्यांना वाटलं, आता तात्यांची मिरवणूक निघणार, आता तरी आपल्याला बोलावतील. हळद-मिठाच्या गुळण्या सुरू झाल्या. बोलावलं कोणी नाही. दुकानावर एक कार्यकर्ता आला, साउंडची ऑर्डर घेऊन. मी विचारलं, घोषणा कोण देणार? त्यानं मोबाइल काढला. "काकाले बोलवाचं काम नाई. आवाज हाये न आपल्यापाशी." चौकातली तीच घोषणा त्यानं कापून घेतली होती, उत्तरासकट. पुढचंमागचं बंटीभाऊंचं काहीच त्यात ठेवलं नव्हतं. मी त्याला पायरी उतरायला सांगितलं. दुकान सुरू झाल्यापासून नाकारलेली ती पहिली ऑर्डर. त्यांचं काही अडलं नाही, बडनेऱ्याहून दुसरा साउंड आला.

आता ते मूर्तिजापूरला मुलीकडे असतात, सुमनताईही. घराला कुलूप आहे. संस्थेची पाटी अजून दारावर आहे, ती काढायचं मला सांगून गेले, मी काढलेली नाही. पण त्यांची आठवण निघाली की मला कुलूप दिसत नाही, तात्यांच्या मिरवणुकीची ती सकाळ दिसते.

मिरवणूक आमच्या गल्लीतून गेली, तात्यांचाच वॉर्ड तो. मी शटर ओढून त्यांच्या ओट्यावर सुमनताईंजवळ बसले होते. लांबून त्यांचाच आवाज येत होता, तो जुना, छातीतला. तात्यासाहेब, तुम आगे बढो. तेवढा भाग संपला की पुन्हा पहिल्यापासून. हे घरातून उठून बाहेर आले. थांबा म्हणायच्या आत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, तोंड गर्दीकडे, पाठ रस्त्याकडे. भोंग्याबरोबर त्यांचे ओठ हलत होते. गळ्यातून काही निघत नव्हतं. ट्रक त्यांच्या अंगावर येऊन थांबला. पुढचा स्वयंसेवक कोवळा पोरगा होता, तो त्यांना ओळखत नव्हता. त्यानं त्यांचा दंड धरला, अगदी सभ्यपणे. "काका, बाजूले व्हा. गाडीले जाऊ द्या."

ते नालीच्या कडेला झाले. त्यांच्याच आवाजात ट्रक त्यांच्यासमोरून पुढे गेला. मागून उघडी जीप आली. तात्या डावीकडे वळून हात जोडत, मग उजवीकडे वळून हात जोडत. चेहऱ्यावर ठरलेलं हसू होतं, नजर घरांच्या छपरांवरून जात होती. जीप वळणावर गेली, तेव्हा हे परत आले. चेहरा फुललेला होता. ओट्यावर चढून त्यांनी बायकोला खरखरत सांगितलं, "तात्यासाहेबानं पाह्यलं मले. नमस्कार केला."

तो नमस्कार तात्यांनी माझ्या दुकानाच्या बंद शटरलाही केला होता. सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "हो, केला न. मी अठीच बसली होती."